मुखवटा नसलेला फोटो

पत्र थोडक्यात असं आहे. ओहायोत राहणारे ६७ वर्षांचे एक वाचक १९८१ साली नाशिकहून शिकायला अमेरिकेत गेले. पहिल्या हिवाळ्यात खोलीवर एकटे असताना दुपारी टीव्हीवर 'द लोन रेंजर' या जुन्या काउबॉय मालिकेचे भाग पुन्हा लागायचे. त्यातला मुखवटा घातलेला नायक, म्हणजे नट क्लेटन मूर, त्यांच्या मनात घर करून बसला. १९८२च्या फेब्रुवारीत एका मोटारींच्या दुकानाच्या उद्घाटनाला मूर येणार असं कळल्यावर ते दोन बस बदलून बर्फातून तिथे गेले, हात मिळवला, फोटो काढून घेतला. तेव्हापासून त्यांनी चारशेच्या वर वस्तू जमवल्या: फोटो, सह्या, कॉमिक्स, खेळण्यातली पिस्तुलं, शाळकरी डबे, अंगठ्या. सगळं बेसमेंटमध्ये आहे. आता एक विक्रेता मूर यांनी 'स्वतः वापरलेला' मुखवटा ४,२०० डॉलरला देतो आहे, सोबत सर्टिफिकेटही आहे. पत्नीला हे पसंत नाही. मुलाला आणि मुलीला संग्रहात रस नाही. मालिकेतल्या नायकाच्या मूळनिवासी (अमेरिकन इंडियन) साथीदाराचं नाव टोंटो. पंधरा वर्षांची नात शाळेत स्पॅनिश शिकते. ती म्हणाली, "आजोबा, 'टोंटो' म्हणजे मूर्ख. आणि तुम्ही हे भिंतीवर लावता?" वाचक विचारतात: मुखवटा घेऊ का? की सगळंच विकून मोकळा होऊ? शेवटी त्यांनी असंही लिहिलं आहे की, 'मराठी माणसाने या परक्या नादापायी चाळीस वर्षं फुकट घालवली का, हा विचार हल्ली रात्री छळतो.'

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो तुम्ही सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईघाईने लिहिला आहे.

तुम्ही 'परका नाद' म्हणता. तेवीस वर्षांचा एक मुलगा, घरापासून हजारो मैलांवर, बाहेर गुडघाभर बर्फ, घरी फोन लावायचा तर आठवड्याच्या खर्चाला कात्री लागायची. त्या मुलाला रोज दुपारी एक माणूस भेटत होता, जो सावकाश, स्वच्छ इंग्रजी बोलायचा. तुम्हीच लिहिलं आहे की त्या पहिल्या सेमिस्टरमध्ये प्राध्यापकांचं निम्मं बोलणं डोक्यावरून जायचं, पण लोन रेंजरचं प्रत्येक वाक्य कळायचं. मग तो परका कसा? त्या वेळी तुमच्या आयुष्यात त्याच्याइतकं नेमाने येणारं दुसरं कोण होतं? आपल्याकडे कोणी बालगंधर्वांच्या तबकड्या जमवल्या तर आपण त्याला रसिक म्हणतो. तुमचा जीव ज्यात रमला ते ओहायोतल्या एका खोलीत घडलं, म्हणून तो जीव कमी मराठी होत नाही. हा प्रश्न मनातून काढून टाका. बाकीचे प्रश्न खरे आहेत.

आता फोटोबद्दल. तुमच्या पत्रात मुखवट्यावर दोन परिच्छेद आहेत. त्याची शिवण, डोळ्यांच्या कडा, आतल्या बाजूचा घामाचा डाग, सगळं आहे. फोटोवर एकच ओळ आहे: 'फोटो आहे, पण त्यात त्यांनी मुखवटा घातलेला नाही, काळा गॉगल आहे, त्यामुळे तो मी कधी फ्रेम केला नाही.'

तो गॉगल का होता, हे तुमच्यासारख्या संग्राहकाला मी सांगायला नको. पण हे सदर इतरही वाचतात, म्हणून सांगते. ही मालिका १९४९ ते १९५७ या काळात एबीसी वाहिनीवर चालली. एकूण २२१ भाग, त्यातले १६९ मूर यांचे. मधल्या ५२ भागांत जॉन हार्ट नावाचे दुसरे नट होते. मालिका संपल्यावरही मूर यांनी तो पोशाख उतरवला नाही. गावोगावचे मेळे, दुकानांची उद्घाटनं, इस्पितळातली मुलं, सगळीकडे ते लोन रेंजर म्हणूनच जात. पुढे त्या व्यक्तिरेखेचे हक्क ज्या कंपनीकडे होते तिला नव्या नटाला घेऊन चित्रपट काढायचा होता. कंपनी कोर्टात गेली, आणि १९७९ साली कोर्टाने मूर यांना मुखवटा घालून लोकांसमोर यायला मनाई केली. ते तेव्हा पासष्टीला टेकले होते. त्यांनी घरी बसायचं नाकारलं. मुखवट्याच्या आकाराचा, डोळ्यांच्या कडेपर्यंत वळलेला काळा गॉगल लावून ते पुन्हा लोकांत जाऊ लागले. १९८१ साली नवा चित्रपट आला आणि पडला. १९८४ मध्ये कंपनीने दावा सोडून दिला आणि मूर यांना मुखवटा परत मिळाला.

म्हणजे तुमचा फोटो त्या पाच वर्षांतला आहे. मुखवट्यातले मूर यांचे फोटो हवे तितके मिळतात. छापील, सहीचे, रंगवलेले, काय हवं ते. पण ज्या काळात त्यांच्याकडून तो चेहराच काढून घेतला होता, त्या काळात एका मराठी विद्यार्थ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे असलेले मूर एकाच फोटोत आहेत. तो फोटो तुम्ही त्रेचाळीस वर्षं पाकिटात ठेवलात.

मला वाटतं, तुम्हाला मुखवटा हवा आहे तो या फोटोतली उणीव भरून काढायला. त्या दिवशी जे दिसलं नाही ते आता विकत आणायचं. मी चुकत असेन तर कळवा. पण हे खरं असेल, तर ४,२०० डॉलर देऊनही ती उणीव भरणार नाही, कारण ती तिथे नव्हतीच.

तरी मुखवट्याचा व्यवहार म्हणूनही विचार करू, कारण असे 'वापरलेला' म्हणून समोर येणारे मुखवटे, टोप्या, पट्टे घेऊ का, असं विचारणारी पत्रं मला इतर संग्राहकांचीही येतात. कुणाची बॅट असते, कुणाचा हार्मोनियम.

'वापरलेला' या शब्दाने पहिल्यांदा भुलू नका. प्रत्यक्ष चित्रीकरणात घातलेली वस्तू, चित्रीकरणासाठी बनवलेली पण न घातलेली, नटाने बाहेरच्या कार्यक्रमांत वापरलेली, आणि त्याच काळात तशीच बनवलेली, या चार निरनिराळ्या वस्तू आहेत आणि त्यांच्या किमतींत जमीनअस्मानाचा फरक असतो. तुमच्या विक्रेत्याने यातली कोणती, हे लिहिलेलंच नाही. तीसेक वर्षं गावोगाव फिरणाऱ्या माणसाचे मुखवटे झिजले असणार, बदलले असणार, म्हणून खरा मुखवटा बाजारात येणं अशक्य नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये, अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात, मूर यांचा एक मुखवटा आहे. पण त्या मुखवट्याला वंशावळ आहे. तुमच्या समोर असलेल्याला काय आहे?

विक्रेत्याला लेखी विचारा: हा मूर यांच्याकडून कोणाकडे गेला, त्याच्याकडून कोणाकडे, तुमच्यापर्यंत कसा आला? प्रत्येक हाताचा काही कागद आहे का, पत्र, पावती, फोटो? हा मुखवटा घातलेला मूर यांचा तारखेचा फोटो दाखवता का, ज्यात शिवणीचा वाकडेपणा किंवा डोळ्याच्या कडेचा काप जुळतो? सर्टिफिकेट कोणी दिलं आहे? विकणाऱ्यानेच दिलं असेल तर ते आपल्याच मुलाला आपण दिलेल्या शाबासकीसारखं आहे. सह्यांच्या बाबतीत पीएसए, जेएसए, बेकेट अशा तपासणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांचं मत बाजार मानतो, तरी तेही मतच असतं. कापडाच्या वस्तूबाबत तर हातोहातचा इतिहास हाच खरा पुरावा. आणि शेवटचं: तिसऱ्याकडून तपासून घेतो, खोटा निघाला तर पैसे परत, असं लिहून देता का? यावर जो माणूस 'आज रात्रीपर्यंत ठरवा, दुसरं गिऱ्हाईक आहे' म्हणेल, त्याला ते दुसरं गिऱ्हाईक लखलाभ म्हणा.

सह्यांचं थोडं सांगते, कारण तुमच्याकडे त्या साठेक आहेत. एक दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. छापील सही बघितली की शाईच्या जागी बारीक ठिपके दिसतात. पेनाने केलेल्या सहीत रेघ जिथे स्वतःला ओलांडते तिथे शाई दाट होते, टोकाला निमुळती होते. दोन फोटोंवरच्या सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या, तर त्यातली एक तरी माणसाने केलेली नाही, कारण कुणीही दोनदा हुबेहूब तशीच सही करू शकत नाही. मूर २८ डिसेंबर १९९९ रोजी गेले, म्हणजे त्यानंतर छापलेल्या कागदावरची सही आपोआप बाद. आणि १९५० च्या दशकातले मुखवट्यातले फोटो घेताना तो चेहरा मूर यांचाच आहे ना, हार्ट यांचा नाही ना, हे हनुवटी आणि ओठांवरून पडताळा. मुखवटा दोघांनाही होता.

तुम्ही लिहिलेल्या अंगठीची गोष्ट मात्र मला फार आवडली. सहा वर्षांपूर्वी तुम्ही लोन रेंजरची 'अणुबॉम्ब अंगठी' घेतलीत, अंधाऱ्या खोलीत अर्धा तास डोळे सरावू दिलेत, आत पाहिलंत, आणि काहीच दिसलं नाही. विक्रेत्याने फसवलं असं तुम्हाला वाटतं. त्याने फसवलेलं नाही. ही अंगठी १९४७ साली किक्स या न्याहारीच्या खाऊबरोबर मिळत असे. पंधरा सेंट आणि खोक्याचा वरचा तुकडा टपालाने पाठवला की मुलाला घरपोच. तिच्यावर बॉम्बच्या आकाराचं इवलंसं नळकांडं असतं. त्याचं लाल शेपूट काढलं की मागे भिंग, आणि आत पोलोनियम-२१० चा कण आणि झिंक सल्फाइडचा पडदा. कणातून निघणारे किरण पडद्यावर आपटून ठिणग्या दिसायच्या, आणि मुलं पांघरुणात शिरून त्या बघत बसायची. पण पोलोनियम-२१० हे १३८ दिवसांत निम्मं होतं, पुढच्या १३८ दिवसांत त्याच्याही निम्मं. दोन वर्षांत साधारण चाळिसावा हिस्सा उरतो. तुमच्या हाती ती आली तेव्हा आतला उजेड संपून सत्तरेक वर्षं झाली होती. जगातल्या अशा सगळ्याच अंगठ्या आज अंधाऱ्या आहेत. तुमची अंगठी खरी आहे, आणि आता तिच्यापासून काही अपायही नाही.

यात एक बारकावा आहे, तो तुमच्या पुढच्या निर्णयासाठी कामाचा आहे. १९४७ साली ही मालिका टीव्हीवर नव्हतीच. लोन रेंजर १९३३ पासून रेडिओवर होता, डेट्रॉइटहून, आणि मूर यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. म्हणजे अंगठी लोन रेंजरची आहे, मूर यांची नाही. तुमची यादी मी वाचली तेव्हा निम्म्याहून जास्त वस्तू अशाच वाटल्या: पिस्तुलं, डबे, कोडी, कॉमिक्स. त्या एका नावाच्या आहेत, त्या माणसाच्या नाहीत. नाव कोणाचं आणि माणूस कोण, याच प्रश्नावरून तर तो खटला झाला. तुमचा जीव कशात आहे, नावात की माणसात? माझ्या मते माणसात, कारण पत्रात 'लोन रेंजर' तीनदा आहे आणि 'मूरसाहेब' अकरा वेळा. तसं असेल तर चारशे वस्तूंचा प्रश्न एकदम हलका होतो. मूरसाहेबांच्या म्हणाव्यात अशा साठ-सत्तर ठेवा. बाकीच्या सावकाश विका, वाटा, द्या. सगळं ठेवणं किंवा सगळं विकणं, असे दोनच रस्ते तुम्ही स्वतःपुढे ठेवले आहेत, ते कशासाठी?

विकण्याबद्दल मात्र मनात मांडे खाऊ नका. नातीच्या कॉलेजचा खर्च यातून निघेल, असं तुम्ही लिहिलं आहे. या वस्तूंची किंमत ज्यांच्या लहानपणावर उभी होती, ती मुलं १९५२ साली दहा वर्षांची होती. ती आज ऐंशीच्या पुढे आहेत आणि स्वतःचेच संग्रह विकायला काढत आहेत. शिवाय यातल्या बऱ्याच वस्तू मुळात लाखांनी बनल्या होत्या. १९५० साली अलादीन कंपनीने हॉपअलाँग कॅसिडी या दुसऱ्या काउबॉय नायकाचं चित्र लावलेला शाळकरी डबा काढला, तो पहिल्याच वर्षात सहा लाख विकला गेला. काउबॉयपटांतले गाणारे नट रॉय रॉजर्स हे मूर यांच्याहूनही मोठं नाव. त्यांच्या कुटुंबाने कॅलिफोर्नियात संग्रहालय चालवलं, २००३ मध्ये ते मिझुरीतल्या ब्रॅन्सनला हलवलं आणि २००९ च्या अखेरीस बंद केलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला लिलाव झाला. त्यांचा लाडका घोडा ट्रिगर, साच्यावर कातडं चढवून जपलेला, २,६६,५०० डॉलरला गेला, पण तो ट्रिगर होता. बाकी संग्रह शेकडो घरांत पांगला. हे मी घाबरवायला सांगत नाही. ज्या घरात तो माणूस स्वतः राहिला तिथेही संग्रह टिकवणं अवघड गेलं. मग सिअॅटलला दोन खोल्यांत राहणाऱ्या तुमच्या मुलाने चारशे वस्तू नाकारल्या, म्हणून त्याने तुम्हाला नाकारलं असं का धरता?

इथे मला सांगलीचा माझा मामा आठवतो. त्याच्याकडे पत्र्याची एक मोठी ट्रंक होती, नाटकांच्या हँडबिलांनी आणि तिकिटांनी भरलेली. तो गेला तेव्हा आम्ही भाचरं जमलो. कोणाला काय माहीत होतं? कसरीने निम्मी खाल्लेली, एकमेकांना चिकटलेली ती कागदं कोणती, कधीची, कुठली, सांगायला तो नव्हता. मामेभावाने ट्रंक रिकामी करून रद्दी वजनावर दिली. मला आजही त्याचा राग येत नाही. मी तिथेच होते आणि मीही काही बोलले नाही. पण उचलता उचलता एका तिकिटाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: 'पाऊस. छत्री विसरलो. आप्पा भेटले, बरोबर परत आलो.' तेवढं तिकीट मी पर्समध्ये टाकलं. आप्पा म्हणजे माझे वडील. त्या गठ्ठ्यात याहून दुर्मीळ कितीतरी असेल, पण वाचलं ते हेच, कारण त्याच्यावर मामाने चार शब्द लिहिले होते.

म्हणून म्हणते, मुखवट्याचे पैसे बाजूला ठेवा आणि हा हिवाळा लिहिण्यात घालवा. प्रत्येक वस्तूचा मोबाइलवर फोटो, खाली चार ओळी: कधी घेतली, कुठे, कितीला, आणि त्या दिवशी काय झालं. मराठीत लिहा, मग मुलांसाठी इंग्रजीत. ही यादी विम्याला लागते, कारण घराच्या साध्या विम्यात अशा संग्रहाला सहसा फार थोडी मर्यादा असते. विकताना लागते. दान करताना लागते. लॉस एंजेलिसचं ऑट्री संग्रहालय, ओक्लाहोमा सिटीचं काउबॉय आणि वेस्टर्न वारशाचं राष्ट्रीय संग्रहालय, कॅलिफोर्नियाच्या लोन पाइनमधलं वेस्टर्न चित्रपटांचं संग्रहालय, अशा ठिकाणी आधी यादी पाठवून विचारा, खोकी परस्पर पाठवू नका. ते डबे घेणार नाहीत, त्यांच्याकडे असतात. पण १९८० च्या दशकातल्या एका भारतीय विद्यार्थ्याने जमवलेला, टिपणांसकट असलेला छोटा संच कोणाला तरी वेगळा वाटू शकेल. दानाची किंमत पाच हजार डॉलरवर जात असेल तर कराच्या वजावटीसाठी अधिकृत मूल्यांकन लागतं, ते आपल्या कर सल्लागाराला आधीच विचारून ठेवा.

बेसमेंटमधून कागद आजच वर आणा. ओहायोच्या उन्हाळ्यात तिथली हवा दमट होते, आणि एकदा पाणी शिरलं की सगळं संपतं. कोरडं, अंधारं कपाट हवं, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं. फोटो आणि कॉमिक्स पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलारच्या पाकिटात ठेवा. वास येणाऱ्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत नको, ती काही वर्षांनी चिकटतात. सही असलेलं काहीही उन्हात टांगू नका. फेल्ट पेनाची शाई उडते आणि परत येत नाही. आणि लॅमिनेशन मुळीच नको, कितीही मोह झाला तरी.

आता नात. तिच्या बोलण्याने तुम्हाला लागलं, ते दिसतं. पण ती खोटं बोललेली नाही. 'टोंटो'चा स्पॅनिश अर्थ तोच आहे, इतका की मालिकेच्या स्पॅनिश रूपात त्याचं नाव बदलून 'टोरो' करावं लागलं. टोंटोच्या तोंडी घातलेलं तुटकं इंग्रजी आज ऐकवत नाही. तुम्ही स्वतः त्या देशात आलात तेव्हा तुमच्या उच्चारांना कोणी हसलं नव्हतं का? तिला गप्प करू नका आणि स्वतःही बचाव करत बसू नका. तिला 'जे सिल्व्हरहील्स' या नटाची ओळख करून द्या. टोंटो करणारे हे नट मोहॉक या मूळनिवासी जमातीचे होते, कॅनडातल्या ऑन्टारियोच्या सिक्स नेशन्स वसाहतीत १९१२ साली जन्मलेले, लक्रॉसचे पट्टीचे खेळाडू. त्यांना ती भाषा बोलावी लागली, पण १९६० च्या दशकात त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये मूळनिवासी नटांसाठी अभिनयाची कार्यशाळा उभी केली. १९७९ साली हॉलिवुडच्या फुटपाथवर त्यांच्या नावाचा तारा बसला, मूळनिवासी नटांत पहिला. मूर यांचा तारा त्यांच्यानंतर आठ वर्षांनी, १९८७ मध्ये आला. तुमच्या चारशे वस्तूंत सिल्व्हरहील्स यांच्या किती आहेत? यादीत मला दोन दिसल्या. त्या दोन्ही भिंतीवर लावा आणि त्यांच्याखालची चिठ्ठी नातीला लिहू द्या. तिला हवं ते लिहू द्या, तुम्हाला बोचलं तरी. ती त्या खोलीत पुन्हा यायला हवी असेल तर तिच्या शब्दांना तिथे जागा लागेल.

वहिनींबद्दल तुम्ही एवढंच लिहिलं आहे की, 'तिला यातलं कळत नाही.' त्यांना मुखवट्यातलं कळत नसेल. पण निवृत्तीनंतर महिन्याला किती येतं आणि किती जातं, हे त्यांना तुमच्याइतकंच कळतं, आणि त्यांचा विरोध तेवढ्याचाच आहे का, हे तुम्ही विचारलेलं दिसत नाही. चाळीस वर्षं घरातली एक खोली बंद दारामागे राहिली की बाहेरच्या माणसाला ती सवतीसारखी वाटू लागते. त्यांना खाली न्या. किंमती सांगू नका, गोष्टी सांगा. आणि दोघांनी मिळून वर्षाचा एक आकडा ठरवा, तुमच्या हौसेचा. त्यांच्याही हौसेचा तेवढाच. त्या आकड्यात बसेल ते खुशाल घ्या, हिशेब द्यायचा नाही. ४,२०० डॉलरचा मुखवटा त्यात बसत असेल, वंशावळही पक्की निघाली आणि वहिनींनी हो म्हटलं, तर घ्या. मी कोण नाही म्हणणारी? माझा अंदाज आहे की तोवर तो तुम्हाला इतका हवासा राहिलेला नसेल.

मुलांना एक पत्र लिहा. त्यांना 'हे सगळं घ्याल का' असं विचारू नका, त्याला उत्तर नाहीच असतं. 'यातली एकच वस्तू घ्यायची तर कोणती' असं विचारा. उत्तर यायला वेळ लागू द्या.

एक गोष्ट मी हिशेब करून पाहिली. मूर यांचा जन्म १४ सप्टेंबर १९१४ चा. तुम्ही बर्फातून दोन बस बदलून गेलात त्या फेब्रुवारीत ते ६७ वर्षांचे होते. आज तुम्ही आहात तितकेच. ज्या कामासाठी लोक त्यांना ओळखायचे, तो चेहरा त्यांच्याकडून काढून घेतला होता, आणि तरी ते कडाक्याच्या थंडीत मोटारींच्या दुकानात येऊन अनोळखी मुलांच्या खांद्यांवर हात ठेवत होते. तुम्ही गेल्या वर्षी निवृत्त झालात. तो फोटो पाकिटातून काढा, फ्रेम करा, आणि टिपणांची वही त्याच्यापासून सुरू करा.

तुम्ही लिहिलं आहे की त्यांनी तुमचं नाव विचारलं, तुम्ही सांगितलं, त्यांना ते नीट ऐकू आलं नाही आणि त्यांनी पुन्हा विचारलं. तिथे पत्र पुढच्या विषयावर जातं. दुसऱ्यांदा त्यांनी तुमचं नाव कसं उच्चारलं? मला ते जाणून घ्यायचं आहे.